आमेरमध्ये न देता आलेलं उत्तर

गेल्या दिवाळीत आम्ही घरचे सगळे जयपूरला गेलो होतो. आमेरच्या किल्ल्यात शीशमहल दाखवताना गाइड म्हणाला, हा मिर्झाराजे जयसिंगांनी बांधला. पुरंदरच्या तहाचे तेच जयसिंग. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, यांनी बांधलेली घुमटाची छत्री आमच्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात आहे. त्यानं लगेच विचारलं, "अच्छा? कितनी ऊँची है?"

मला सांगता आलं नाही. मन आणि म्हैस या नद्यांपाशी ती उभी आहे, तिच्या सावलीत बसून आम्ही बोरं खाल्लीत. पण मान वर करून ती नीट कधी पाहिलीच नव्हती. हजार रुपयांचा बूट घालून परक्या गावच्या पायऱ्या चढलो आणि आपल्या गावात चाळीस वर्षं नुसता ये-जा करत राहिलो, हे मला फार लागलं.

परत आल्यावर एका रविवारी पाण्याची बाटली आणि वही घेऊन निघालो. छत्री सुमारे 33 फूट उंच आहे, आता सांगू शकतो. तिथून किल्ल्यात गेलो. आमच्या पिढीनं किल्ला पाहिला तो दाखल्यासाठी, किल्ल्यातल्या तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहून. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं त्याचं काम सुरू केलं आणि 1757 मध्ये एलिचपूरचा (आताच्या अचलपूरचा) नवाब इस्माईल खान यानं ते पुरं केलं. विटांचं इतकं देखणं काम वऱ्हाडात क्वचितच असेल. मी बुरुजाखाली उभा राहून विटांवरून हात फिरवत होतो, तर एक आजोबा थांबले. "काय पाहून रायला बाप्पा तथी? भितच तं हाय." मग तेच अर्धा तास थांबले. बाळादेवीच्या देवळाचं सांगितलं, जिच्यावरून गावाला नाव पडलं. इथल्या सतरंज्या आणि पागोटी कशी नावाजलेली होती तेही सांगितलं.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच. अकबराच्या काळच्या 'आइन-इ-अकबरी'त अबुल फजल लिहितो, की बाळापूरजवळ दोन ओढे आहेत, त्यांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते कापून नवलाची वस्तू म्हणून जपतात. लहानपणी आम्ही नदीच्या पात्रात रंगीत गारगोट्या वेचायचो, खिसे फाटेपर्यंत. आई ओरडून त्या अंगणात फेकून द्यायची. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी याच खड्यांसाठी वाकलं होतं, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला.

पोरांनो, फिरायला खुशाल जा. पण त्याआधी एक दिवस आपल्या गावाला द्या, आणि तोही सुट्टीचा पूर्ण दिवस. म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती सांगायला बसलेलीच आहेत, आपणच त्यांच्यापाशी थांबत नाही.

येत्या रविवारी सकाळी सातला मी लेकीला घेऊन नदीवर दगड शोधायला जातोय. कुणाच्या घरी आजोबांच्या काळातली बाळापुरी सतरंजी अजून असेल तर कळवा, येताना पाहायला येतो.