कालनिर्णयमागचा कोळी आणि ग्रुपवरचं ‘सावधान’

गेल्या आठवड्यात आमच्या परळच्या चाळीच्या ग्रुपवर तिघांनी एकच मेसेज टाकला. भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी, त्याच्या पोटाखाली पांढरी चकती, तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली मजकूर: “सावधान! पावसाळ्यात घरात शिरणारा हा परदेशी कोळी अत्यंत विषारी आहे. पोटाखालची पांढरी पिशवी विषाची आहे. चावल्यास २४ तासांत मृत्यू. झोपेत कातडीखाली अंडी घालतो. अंगावरून चालला तरी फोड येतात, मुतला तर नागीण होते. दिसताच ठेचा. सगळ्यांना पाठवा.”

फोटो खरा आहे, एवढं आधी मान्य करते. तो कोळी मी ओळखते, कारण आमच्याकडे तो कालनिर्णयच्या मागे राहतो. इंग्रजीत त्याला हंट्समन म्हणतात, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनेटोरिया. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७६७ मध्येच त्याची नोंद केली होती. वेनेटोरिया म्हणजे शिकार करणारा, तेव्हा मराठीत शिकारी कोळी म्हणू. मुंबईत कोळी म्हटलं की जाळं आलंच, पण हा गडी बिनजाळ्याचा. रात्री भिंतीवर दबा धरतो आणि झुरळ टप्प्यात आलं की झडप घालतो.

त्याचं धड जेमतेम अडीच सेंटिमीटरचं. पाय पसरले की मात्र दहा-बारा सेंटिमीटर भरतो, म्हणून बघणाऱ्याची बोबडी वळते. पाय खेकड्यासारखे बाजूला वळलेले आणि अंग इतकं चपटं की कॅलेंडर आणि भिंतीच्या मधे आरामात मावतं. डोळ्यांच्या खाली फिकट पिवळसर पट्टा असतो, मिशीसारखा. अंधारात बॅटरी मारली तर डोळे चमकतात. कोपऱ्यात कोळिष्टकं करून राहणारा, झाडू लागला की अख्खं अंग गदागदा हलवणारा काडीपायांचा कोळी वेगळा. खिडकीच्या चौकटीवर टुणटुण उड्या मारणारा, मधेच थांबून आपल्याकडे टक लावणारा, तोही वेगळा. या उड्या मारणाऱ्यांच्या कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण भागात सापडली, तिला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं: आयसियस तुकारामी. कसाबला जिवंत धरून देताना ज्यांनी गोळ्या झेलल्या ते ओंबळे. हे मात्र ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केलं नाही.

आता मेसेजकडे. “परदेशी”. उलट आहे. हा मूळचा आशियाच्या उष्ण भागातला मानला जातो. इथून तो जहाजांवरच्या मालातून, विशेषतः केळ्यांच्या घडांतून, जगभर गेला. तिकडे त्याला बनाना स्पायडर असं टोपणनाव पडलं आणि घोळ बहुधा तिथेच झाला असावा, कारण दक्षिण अमेरिकेतल्या एका खरोखर जहाल कोळ्यालाही लोक हेच टोपणनाव लावतात. केळ्यांच्या पेटीतून आपला गरीब हंट्समन निघाला तरी तिकडे धावपळ होते.

“विषाची पिशवी”. आषाढी कधी आहे बघायला मी पान वर केलं, तर मागे ती बसली होती. हो, ती. पोटाखाली रुपयाच्या नाण्याएवढी चपटी, कागदासारखी चकती, आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांसारख्या अवयवांनी ती घट्ट धरलेली. एक पाय तुटलेला, सातांवर कारभार. मी पान तसंच धरून उभी, ती तशीच बसून. पळाली नाही. चकतीसकट दोन बोटं बाजूला सरकली आणि पुन्हा भिंतीला चिकटली. ही चकती म्हणजे रेशमाची विणलेली अंड्यांची पिशवी, एकेकीत ढीगभर अंडी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आई ती पोटाशी घेऊन हिंडते. विषाच्या ग्रंथी पोटात नसतातच. त्या पुढच्या बाजूला, दातांशी जोडलेल्या असतात. लाल वर्तुळ काढणाऱ्याने नेमकं बाळंतिणीचं ओझंच घेरलं होतं.

“२४ तासांत मृत्यू”. इथे थोडं खरं आहे, तेही सांगते. जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, ह्यालाही आहे, झुरळ मारायला लागतंच. मुठीत पकडलात किंवा अंडी घेतलेल्या मादीला कोपऱ्यात कोंडलंत तर ती चावू शकते. मग दुखतं, सुजतं, आणि हळूहळू उतरतं. माणूस दगावावा असं ते विष नाही. जगात धोकादायक कोळी आहेत, नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातला सिडनीचा फनेल-वेब त्यातला सगळ्यात बदनाम. त्याच्यावर १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर त्याच्या चाव्याने मृत्यूची नोंद नाही. आपण मात्र कॅलेंडरमागच्या सातपायीला २४ तासांची मुदत देऊन मोकळे.

असल्या मेसेजांची परंपराही जुनी आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत एक ईमेल फिरला: विमानतळावरच्या उपाहारगृहातल्या कमोडच्या सीटखाली जीवघेणे कोळी. त्यात दिलेलं शास्त्रीय नावसुद्धा बनावट होतं, शुद्ध मराठीत सांगायचं तर कुल्ल्यांवरून पाडलेलं. काही वर्षांनी त्याच थापेत टेलामोनिया डिमिडियाटा हे खऱ्या कोळ्याचं नाव घुसवलं. हा आपल्या भागात झाडाझुडपांत उड्या मारणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला कोळी. नाव बदललं, कमोड बदलले, थाप तीच.

“कातडीखाली अंडी”. कुठलाही कोळी हे करत नाही. वर सांगितलेली रेशमी पिशवी विणल्याशिवाय त्यांचं चालतच नाही. पुढे.

“अंगावरून चालला, मुतला”. खरा राग इथे आहे. ‘कोळी मुतला’ हे आपण आजीपासून ऐकत आलो, ओठाच्या कडेला फोड आला तरी कोळ्यावरच बिल फाटतं. पण कोळ्याला आपल्यासारखी लघवीच नसते. शरीरातला टाकाऊ भाग तो पांढरट, घट्टसर थेंबाच्या रूपात टाकतो, त्यात मुख्यतः ग्वानिन असतं. भिंतीवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात ते हेच. बोटाला लागलं तर हात धुवा, संपलं.

मग सकाळी उठल्यावर मानेवर चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा आणि त्यावर फोड, हे कुठून येतं? बरेचदा एका भुंगेऱ्याकडून. पीडेरस त्याचं नाव, काही लोक ॲसिड फ्लाय म्हणतात. सेंटिमीटरभरसुद्धा नसतो, अंगावर काळे आणि नारिंगी पट्टे, चालतो मुंगीसारखा. ट्यूबलाइटकडे येतो. चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर काहीतरी वळवळलं म्हणून आपण झोपेत हात फिरवतो, तो चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं विषारी द्रव्य कातडीला लागतं. फोड लगेच येत नाहीत, दुसऱ्या दिवशी येतात. तोवर भुंगेरा कधीच केरात गेलेला आणि भिंतीवर कोळी साक्षात बसलेला. आरोपी आयता. कोपराच्या आतल्या बाजूला असं झालं तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीवरही हुबेहूब तसाच डाग उठतो. उपाय साधा: असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा, जागा साबणाने धुवा. म्हणजे मेसेजमधला ‘ठेचा’ हा सल्ला नेमका ह्या किड्याच्या बाबतीत सगळ्यात घातक.

आणि नागीण. ती कांजण्यांच्या विषाणूची. लहानपणी कांजण्या होऊन जातात, विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झाल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने वर येतो. म्हणून ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. ‘नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस संपला’ म्हणतात ना, मज्जातंतू एकेका बाजूचे असल्यामुळे ते सहसा जुळतच नाही. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंना बरगडीखाली आग-आग व्हायला लागली. चौघींनी बघून निकाल दिला, कोळी मुतला. मग गेरू लावून झाला, कोणाकडून मंतरलेलं तेल आणून झालं, आणि सातव्या दिवशी डॉक्टर. फोड सुकले. दुखणं अजून आहे, दीड वर्ष झालं, ब्लाउजचं कापड घासलं तरी त्या दचकतात. गोळ्या वेळेवर मिळत्या तर दुखणं टळलंच असतं असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पण ते तीन दिवस गेले ते कोळ्याच्या नावावर.

म्हणून हा मेसेज मला गमतीचा वाटत नाही, आणि म्हणूनच तिघांनाही मी ग्रुपवरच उत्तर दिलं, खासगीत नाही. एकाने विचारलं, “मग काय पूजा करायची का त्याची?” नाही. घरात नको असेल तर बाहेर काढा. अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा त्याच्यावर सावकाश ठेवायचा. कडा पायांवर येऊ द्यायच्या नाहीत, पाय पटकन तुटतात. मग डबा आणि भिंतीच्या मधून एखादी जाड लग्नपत्रिका सरकवायची. पत्रिकांचा हा एक उपयोग मला फार पटतो. काही जण थेट फवारा मारतात. त्याने झुरळाआधी झुरळ खाणाराच उताणा पडतो आणि महिन्याभरात मोरीतून पुन्हा मिशा हलायला लागतात.

सातपायीला मी हलवलं नाही. आषाढी होऊन गेली, महिन्याचं पान उलटायचं होतं, तर आधी कॅलेंडरवर दोनदा टकटक केलं. ती चकती घेऊन तिरकी-तिरकी घड्याळामागे गेली. चार दिवसांनी घड्याळाखालच्या भिंतीवर तिळाएवढी पिल्लं विखुरलेली दिसली. दुपारपर्यंत त्यातली निम्मी खिडकीतून गॅलरीत गेली होती.