दहा मिनिटांचे साडेसातशे रुपये : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्हिजिट चार्ज का घ्यावा लागतो, या माझ्या मागच्या लेखाखाली आपण ‘एक त्रस्त नागपूरकर’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी नंदनवनातल्या एका इमारतीच्या जिन्यात बसून डबा खात होतो आणि खरे सांगायचे तर तो डबा मी अर्धवट बंद केला. ज्यांच्या वाचनात ती आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या घरी एसी दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने ‘दहा मिनिटांत ८० रुपयांचा कपॅसिटर बदलला आणि ७५० रुपये घेतले’ (कपॅसिटर म्हणजे मोटार सुरू व्हायला विजेचा जोर देणारा छोटा डबा), पक्की पावती दिली नाही, जुना कपॅसिटर सोबत नेला, दोन उन्हाळ्यांत तोच भाग दुसऱ्यांदा गेला, असे आपले म्हणणे आहे. शेवटचे वाक्य असे आहे : ‘तुम्ही लोक लोकांच्या गरजेचा फायदा घेता आणि वर स्वतःला इंजिनीअर म्हणवता.’

आपल्या घरी आलेला तो मेकॅनिक मी नव्हतो, हे आपल्यालाही ठाऊक आहे, कारण तसे आपणच पहिल्या ओळीत लिहिले आहे. तरीही जाब मला विचारला गेला. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन इंटरकॉमवर ‘एसीवाला आला’ असे सांगतो, त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. मी एसीच दुरुस्त करायला आलेला असतो. ‘तुम्ही लोक’ हे मात्र वेगळे आहे. त्या दोन शब्दांत एका माणसाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर चढवण्याची सोय असते, आणि ती सोय आपण फार सहजपणे वापरली आहे. एखादी तक्रार नम्रपणे लिहिली तर तिचे वजन कमी होते असे आपल्याला वाटते का, हे मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे.

‘इंजिनीअर’ या शब्दाबद्दलचा आक्षेप मी मान्य करतो. माझ्याकडे पदवी नाही. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमधून मी रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड केला, त्यानंतर एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, आणि तिथे गळ्यात अडकवायला जे ओळखपत्र मिळाले त्यावर ‘सर्व्हिस इंजिनीअर’ असे छापलेले होते. नोकरी सुटली, पण शब्द चिकटून राहिला. ब्लॉगच्या परिचयात मी तो बदलून ‘तंत्रज्ञ’ असे केले आहे. आपले समाधान झाले असावे.

आता त्या दहा मिनिटांबद्दल.

आधी ८० रुपये. एवढ्या पैशांत मिळतो तो छताच्या पंख्याचा, अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (मायक्रोफॅरड हे त्याची क्षमता मोजण्याचे एकक). दीड टनाच्या साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबणाऱ्या मोटारीला, साधारण ४५ ते ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा कपॅसिटर लागतो आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बऱ्यापैकी कंपनीचा घ्यायला गेलो तर मला तो त्याच्या तिप्पट-चौपट किमतीला पडतो. ८० रुपयांचा आपण कुठे पाहिला ते कळवावे; मी उद्याच जाऊन पन्नास नग उचलतो.

मागच्या नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मनीषनगरला एका घरी गेलो होतो, ते सांगतो. इमारत चार मजली, लिफ्ट बंद, आउटडोअर युनिट गच्चीवर पश्चिमेच्या भिंतीला लावलेले. आदल्या दिवशी कोणीतरी येऊन ‘कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगून गेले होते आणि घरातले सगळे त्या खर्चाच्या धसक्यात होते. मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून दुपारी अडीच वाजता वर गेलो. युनिटच्या पत्र्याला उघडा हात लागला तर कातडी तिथेच राहावी, अशी ती वेळ असते. आउटडोअरचा पंखा फिरत होता; कॉम्प्रेसर मात्र ‘घूं’ असा दबका आवाज करून पाच-सहा सेकंदांत गप्प होत होता, ‘टक्’ असा ओव्हरलोड, म्हणजे जास्त करंट झाला की वीज तोडणारा संरक्षक स्विच, पडल्याचा आवाज येत होता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज ज्याने ऐकलेला आहे त्याला निम्मे निदान तिथेच होते. पण निम्म्या निदानावर कोणाचे पैसे खर्च करू नयेत, एवढे मला कळते. व्होल्टेज पडलेले असले तरी असेच होते, वायरिंगचा लग, म्हणजे वायरचे जोडटोक, जळला असला तरी असेच होते, आणि कॉम्प्रेसर आतून खरोखरच जाम झाला असला तरीही असेच होते. म्हणून आधी टर्मिनलवर व्होल्टेज पाहिले, तेही कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करत असताना, कारण नुसते उभ्या उभ्या मोजलेले व्होल्टेज नेहमीच चांगले दिसते. मग क्लॅम्प मीटर लावून करंट पाहिला. मग मेन बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज केला. ही पायरी गाळणाऱ्याला त्याची शिक्षा लगेच मिळते. माझ्या डाव्या अंगठ्यावर तिची खूण आहे. कपॅसिटरचे डोके फुगलेले होते, कडेने तेलाचा ओघळ आला होता, अंगावर ५० लिहिलेले होते आणि मीटरवर ३१ येत होते. शेवटी कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना एकमेकींशी आणि बॉडीशी मोजून वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, शाबूत असल्याची खात्री केली. त्यानंतर नवा कपॅसिटर बसवायला जो वेळ लागला तो दहा मिनिटांपेक्षाही कमी होता, हे मी आपल्याला आनंदाने लिहून देतो.

तो तसाच राहिला असता तर काय झाले असते, हेही सांगायला हवे. सुरू होऊ न शकणारा कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकी कंडेन्सरला, म्हणजे आउटडोअरमधल्या जाळीला, उष्णता बाहेर टाकणे जड जाते, गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसरचे ओझे आणखी वाढते. ओव्हरलोड त्याला दहा वेळा, वीस वेळा वाचवतो. कधीतरी तोच चिकटतो आणि वाइंडिंग जळते. म्हणजे आदल्या दिवशीच्या माणसाचे निदान आणखी आठवडाभराने खरे ठरले असते.

मोजणारे यंत्रसुद्धा खोटे बोलू शकते, हेही या धंद्यात शिकावे लागते. ३० मे २०२४ रोजी आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तोच आकडा फिरत होता. हवामान खात्याने नंतर सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. एसीतला थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, बिघडला की नेमके हेच होते. खोली तापलेली असते आणि कार्डाला, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, ती थंड वाटते. अशा वेळी गॅस संपल्याचे सांगून हजारो रुपये उकळणारे आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गळती असल्याशिवाय तो कमी होत नाही, आणि गळती न शोधता जो गॅस भरतो त्याला पैसे देऊ नयेत, असे मी याच ब्लॉगवर पूर्वी लिहिलेले आहे. आपण तो लेख वाचला असता तर ‘तुम्ही लोक’ कदाचित लिहिले नसते.

‘गरजेचा फायदा’ या आरोपावर मला माझाच एक दिवस आठवतो. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेव्हा मी नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केलेले होते. त्या आठवड्यात जरीपटक्याहून मानेवाड्याला आणि तिथून परत सदरला अशा फेऱ्या मारताना एका गच्चीवर मला चक्कर आली आणि त्या घरातल्या आजींनी कांदा फोडून नाकाशी धरला. त्या महिन्यात मी दुप्पट पैसे मागितले असते तरी लोकांनी दिले असते. मी मागितले नाहीत. सर्व्हिस सेंटरमध्ये असताना मात्र दर सोमवारी आम्हाला उभे करून किती वार्षिक करार विकले आणि किती कार्डे बदलली, याचा हिशेब घेतला जाई. दुरुस्त होऊ शकणारे कार्ड दुरुस्त केले तर त्या दिवशी आपण काहीच विकलेले नसते. ती नोकरी मी याच कारणासाठी सोडली, आणि आज कोणीतरी मला फायदा घेणारा म्हणते तेव्हा ते लागते.

आपल्या हिशेबात आणखी एक गोष्ट आलेली नाही. एसी आणि कूलरचे काम होळीनंतर सुरू होते आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की थांबते. हिवाळ्यात गिझर असतात. बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर जाड पांढरा थर बसलेला असतो आणि तो फोडताना कॉइलच तुटते, मग ‘तुम्हीच तोडली’ हेही ऐकून घ्यावे लागते. मध्ये वॉशिंग मशिनच्या ड्रेन पंपातून नाणी, हेअरपिना आणि एकदा तर लहान मुलाचा मोजा काढला, तो किस्सा पुन्हा केव्हातरी. सांगायचे इतकेच, की ७५० रुपयांत त्या दहा मिनिटांबरोबर जुलै आणि ऑगस्टही असतात.

पावतीबद्दल : सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेला माणूस जीएसटीची पावती देऊ शकत नाही. आपल्याला ज्याला ‘पक्की’ म्हणायचे आहे ती पावती त्यामुळे मिळणार नव्हती. साधी मिळायला हवी होती की नाही, हा आपल्या आणि त्या मेकॅनिकमधला विषय आहे. जुना कपॅसिटर आपण मागितला होता का, हे प्रतिक्रियेत कुठेही लिहिलेले नाही, त्यामुळे त्यावर मी काही बोलत नाही.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, आपण धमकीवजा तशी शक्यता वर्तवली असली तरी.

राहता राहिले ते कपॅसिटर दोन उन्हाळ्यांत दोनदा गेल्याचे, जे आपण अर्ध्या ओळीत उरकले आहे आणि जे माझ्या दृष्टीने आपल्या प्रतिक्रियेतले एकमेव कामाचे वाक्य आहे. नव्या कपॅसिटरवर ४४० व्होल्ट लिहिले आहे की त्याहून कमी, ते पाहावे. आउटडोअर भिंतीला चिकटवून बसवले असेल किंवा त्याची गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत येत असेल तर ते हलवावे. आणि व्होल्टेज दोन वेळा मोजून घ्यावे : एकदा रात्री दहाच्या सुमारास, सगळ्यांचे एसी सुरू असताना, आणि एकदा पहाटे, लोड उतरलेला असताना, कारण कपॅसिटरला पहाटेचे चढलेले व्होल्टेजच जास्त मारते. पहाटे २५० च्या वर जात असेल तर नुसते कपॅसिटर बदलत राहण्यात अर्थ नाही, स्टॅबिलायझर लावा. मोजायला मला बोलवायचे असल्यास व्हिजिट चार्ज ३०० रुपयेच आहे, आणि साधी पावती मी देतो.