तीस इंच म्हणे स्टँडर्ड!

कुणाचं स्टँडर्ड? घरात कामाचं टेबल करायला सांगा, मिस्त्री टेप न उघडताच टेबलाची उंची ३० इंच लिहून मोकळा. बसणार कोण, त्याची उंची किती, काही विचारायचं नाही. "सगळे तीसच घेतात, मॅडम."

अहो, वहीत लिहायला असेल तीस बरोबर. कीबोर्ड कोपराच्या पातळीला लागतो! पाच फूट दोन इंचांच्या बाईचे तळवे जमिनीला टेकायचे तर सीट १६ इंचांच्या आसपास हवी, म्हणजे कोपर २५-२६ वर. टेबल चार इंच वर! दिवसभर खांदे कानाशी. खुर्ची २० वर चढवली की पाय लोंबतात आणि मांड्या अडतात त्या ड्रॉवरला, जो कुणी मागितलेलाच नसतो. हिशेब करा की. तिसातून पाऊण इंच प्लाय गेलं, चार इंच ड्रॉवर गेला, उरले सव्वापंचवीस. वीसची सीट, वर सहा इंच मांडी. घुसवा आता!

डेप्थ १८ इंच. का, तर "प्लाय वाया जातं". आठ बाय चारचं शीट, ४८ इंचांत २४ चे दोन तुकडे सरळ पडतात, करवतीची जाडी तेवढी जाईल. उलट १८ चे दोन काढले की १२ इंचांची पट्टी उरते. ती कुठे जाते? त्याच ड्रॉवरला! आणि मॉनिटरचं स्टँड आठ-नऊ इंच खातं, त्यामुळे स्क्रीन नाकाशी.

जिथे पट्टी खरंच हवी तिथे मात्र नसते. चार फुटांच्या टॉपला मागच्या कडेखाली तीन-चार इंचांची उभी पट्टी नसेल तर १९ मिमीचं प्लायसुद्धा आज ना उद्या मधोमध झोळ धरतं.

प्लग पॉइंटचं तर बोलायलाच नको. आधी टेबल, मग इलेक्ट्रिशियन, ही उलटी वरात. बोर्ड टेबलामागे गाडला जातो आणि एक्स्टेंशन पायाशी, फरशी पुसायच्या ओल्या फडक्याच्या वाटेत. टॉपच्या सहा इंच वर ६ अँपिअरचे चार-पाच सॉकेट आधीच काढून घ्यायला काय जातं?

एवढं करून वर सल्ला, "फूटरेस्ट घ्या ना." म्हणजे टेबल यांनी चुकवायचं आणि जमीन आम्ही वर आणायची!