भिंतीवरच्या करवतीबद्दल ठाम मत कसं असावं

पहिली गोष्ट, मत देण्याआधी ‘क्रॅकर बॅरल’मध्ये जेवायला जाऊ नका. पोटात बिस्किट (तिकडचा मऊ पाव) आणि ग्रेव्ही गेली की मत मऊ पडतं, आणि मऊ मताला कोणी विचारत नाही. ‘क्रॅकर बॅरल’ म्हणजे अमेरिकेत हायवेच्या एक्झिटपाशी उभं असलेलं, पुढे पडवी आणि पडवीत विकायला मांडलेल्या झुलत्या खुर्च्या आणि आत भिंतींवर करवतीसारख्या जुन्या वस्तू असलेलं हॉटेल, एवढं माहीत असलं की पुरे. अशी साधारण 660 हॉटेलं आहेत. त्यांतल्या एकाही भिंतीकडे तुम्ही आजवर नीट पाहिलं नसेल, तर फारच उत्तम.

संधी कशी साधावी ते 2025 च्या ऑगस्टकडून शिकावं. 19 तारखेला कंपनीनं नवा लोगो आणला. जुन्यात पिंपाला रेलून खुर्चीत बसलेला एक म्हातारा होता, ज्याला बरेच जण संस्थापकाचे हर्शेलकाका समजतात. नव्यात नुसतं नाव. त्यातच काही ठिकाणी भिंती पांढऱ्या करून वरची अडगळ उतरवलेली. अशा वेळी ‘दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं’ हे वाक्य तयार ठेवावं. पांढऱ्या भिंतीला ते कुठेही चालतं. शेअर गडगडला. 26 तारखेला ट्रम्प यांनी जुना लोगो परत आणा असा सल्ला दिला आणि त्याच दिवशी काका पिंपासकट परतले. देशाच्या राष्ट्राध्यक्षाला न्याहारीच्या हॉटेलच्या पाटीसाठी वेळ आहे, मग तुम्हाला नसायला काय झालं?

सप्टेंबरमध्ये कंपनीनं रंगरंगोटीही थांबवली. तोवर 660 पैकी किती हॉटेलांचं रूप बदललं होतं? चार. हा आकडा चुकूनही तोंडातून निघता कामा नये. ‘सगळं उद्ध्वस्त केलं’ या वाक्यात चार बसत नाही. तसंच, गिऱ्हाईक 2019 पेक्षा 16 टक्क्यांनी घटलंय असं कंपनीच्या प्रमुखांनी 2024 मध्येच सांगितलं होतं, तेही विसरा. नाहीतर कोणीतरी विचारेल, की एवढी माया होती तर जेवत कुठे होतात?

आता करवतीकडे वळू. भिंतीवरची करवत, कपडे घासायची फळी, गंजकी पत्र्याची पाटी या खऱ्याखुऱ्या जुन्या वस्तू असतात, नकला नव्हेत. एकेका हॉटेलात हजाराच्या आसपास. टेनेसीतल्या लेबनन गावी कंपनीचं कोठार आहे, तिथे अशा हजारो वस्तू स्वच्छ करून, नोंदवून ठेवलेल्या असतात. नवं हॉटेल उघडायचं तर तिथेच लुटुपुटीच्या भिंतींवर सगळं टांगून बघतात, फोटो काढतात आणि मग रवाना करतात. दारावर बैलांचं जू आणि घोड्याची नाल, शेकोटीवर हरणाचं मुंडकं, स्वच्छतागृहापाशी ट्रॅफिकचा दिवा, हे तर ठरलेलंच. म्हणजे आजोबांच्या घरी सहज पडलेली वाटणारी ती अडगळ फूटपट्टी लावून ठोकलेली असते. तुम्ही मात्र ‘सहज’ या शब्दावर ठाम राहा.

फोटोंपुढे थोडं जास्त थांबा. कुणाची तरी पणजी कडक कॉलर घालून तुमच्या ताटाकडे रागानं बघत असते. ती कोण, हे तुम्हाला ठाऊक नाही, वाढणाऱ्या मुलीलाही नाही. तिच्या पणतवंडांकडून हा फोटो बाजारात आला, तेव्हाच ती या भिंतीवर आली. तरी तिला उतरवलं की गळा तुमचा दाटला पाहिजे. (हे आपल्याला अवघड जाऊ नये. हायवेवरच्या ‘वाडा’ छापाच्या हॉटेलात पितळी घंगाळ बघून आपण हळवे होतो. घरचं घंगाळ मोडीत कधी घातलं ते मात्र आठवत नाही.)

जुनं म्हणजे नेमकं किती जुनं, हेही तुम्हीच ठरवायचं. हे हॉटेल 1969 चं. काढलं डॅन एव्हिन्स यांनी, जे शेल कंपनीचं पेट्रोल विकत होते. हायवेवरून जाणाऱ्यांनी पेट्रोल भरायला थांबावं म्हणून त्यांनी सोबत गावाकडच्या दुकानाचा देखावा उभा केला. पहिल्या लोगोत नुसती अक्षरं होती. पिंपवाले काका आले 1977 मध्ये. त्यामुळे नुसत्या अक्षरांचा नवा लोगो जास्त परंपरागत, असं कोणी म्हणालं तर त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा. 1969 चं जुनं फार जुनं. 1977 चं जुनं बेताचं.

1991 आणि 2004 या सालांकडे मात्र फिरकू नका. 1991 मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांना कामावरून काढायचं धोरण कंपनीनं आणलं होतं. 2004 मध्ये काळ्या गिऱ्हाइकांना वेगळं बसवलं, उशिरा वाढलं, या आरोपांवरून न्याय खात्यानं दावा केला आणि कंपनीनं तडजोड केली. तेव्हा कुणी नाराज झालंच असेल तर करवतीवर नाही. ती जागच्या जागी होती.

तुम्ही पलीकडच्या गोटातले असाल तर काम आणखी सोपं. ‘बरं झालं, धूळ गेली’ म्हणा, दोन हसरे चेहरे टाका आणि तुम्हीही तिथे जेवायला जाऊ नका.

आणि गेलातच, तर टेबलावरच्या खेळाच्या त्रिकोणी फळीला हात लावू नका. पंधरा भोकं, चौदा खुंट्या. एका खुंटीनं दुसरीवरून उडी मारून एकेक काढायची. एकच उरली तर फळी तुम्हाला बुद्धिमान म्हणते. चार किंवा जास्त उरल्या तर ठार अडाणी, तेही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगमध्ये. पाच उरल्या तर खुंट्या मोजत बसू नका. फोन काढा आणि फळी पूर्वीसारखी राहिली नाही असं लिहा.