बाबुश आजारी, बांगडे बंद

गोव्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, मागोमाग श्रावण, मग चवथ. म्हणजे आमच्या फोंड्याच्या घरात रवा लावलेला बांगडा तव्यावर पडायला सप्टेंबर उजाडतो. नेमक्या त्याच आठवड्यात बाबुश आजारी पडला.

बाबुश म्हणजे बजरिगर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून खपतो. (आपला पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पाळता येत नाही, हे बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अजून पटलेलं नाही.) रोज सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की हा त्याच्याहून मोठ्यानं उत्तर देतो. त्या दिवशी पोदेर दोनदा पोंपों करून गेला, तरी हा पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून गप्प. श्वासागणिक शेपटी वरखाली.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि फर्मान काढलं. रोज वजन करा, ऊब द्या, घरात धूर नको. उदबत्ती नको. नॉनस्टिक तवा तर नकोच. तो जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी मरतो.

"आणि मासे तळायचे?" बाबांनी चाचरत विचारलं. डॉक्टरांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं.

उबेसाठी दिवा हवा. बाजारात जो तो एलईडी पुढे करी, "घ्या वहिनी, अजिबात तापत नाही!" मला तापणाराच हवा होता. शेवटी माळ्यावर मखराच्या सामानात 60 वॅटचा जुना पिवळा दिवा सापडला. पिंजऱ्याला तीन बाजूंनी चादर गुंडाळली, चौथीकडे दिवा लावला, आणि वीज गेली. मग गरम पाण्याची बाटली. नवरा रात्री दोनला उठून पाणी तापवत होता. माझ्या तापात हाच माणूस "गोळी घे" म्हणून कूस बदलतो.

औषध पाजणं हा तीन माणसांचा कार्यक्रम. मी टॉवेलात धरायचं, तेही छाती न दाबता, नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही. नवऱ्यानं टॉर्च धरायचा. सासूबाईंनी चोचीच्या कडेला थेंब सोडायचा. पहिला थेंब माझ्या बाहीवर, दुसरा त्यांच्याच चष्म्यावर. बाबुश कोरडा. शेवटी त्यांनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. जाळायची तर धूर, म्हणून बेसिनमध्ये सोडली.

बेसन मोजायच्या काट्यावर रोज वजन: 29, 29, 30. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. एकटे बाबा तेवढे टवटवीत, संध्याकाळचा फेरफटकाही लांबलेला.

सातव्या दिवशी काटा 33 वर गेला. बाबांनी कौतुकानं बोट पुढे केलं आणि बाबुशनं ते कडकडून चावलं. सासूबाई हळद घेऊन धावल्या. बोट हातात घेतलं, आणि थांबल्या. मग नाकाजवळ नेलं.

"अहो, बोटाला बांगड्याचा वास?"

बाबा पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, घरात नको."