फेज लॉस आला की प्रोटेक्शनच बंद? बास झालं आता!

ड्राइव्हवर, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर, 'इनपुट फेज लॉस' (येणाऱ्या तीनपैकी एक फेज गेल्याचा फॉल्ट) आला की आमच्या एमआयडीसीत पहिलं काम काय? रिसेट. परत आला, परत रिसेट. शेवटी कुणीतरी कीपॅड हातात घेतं, पॅरामीटर शोधतं आणि फेज लॉसचं प्रोटेक्शनच बंद करून टाकतं. मशीन चालू, प्रॉडक्शनवाले खूश. पुढे ड्राइव्ह उडाला की बोंब मात्र मेंटेनन्सच्या नावाने. डोकं फिरतं अक्षरशः!

अरे, तो फॉल्ट उगाच येत नाही. तिन्ही फेज असले की ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवरचा (एसीपासून बनवलेल्या डीसीवरचा) रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, ३०० हर्ट्झचा आणि छोटा असतो. एक फेज गेला की तो १०० हर्ट्झवर येतो आणि चांगलाच वाढतो. उरलेल्या डायोडवर सगळा भार, कॅपॅसिटर तापतात, फुगतात. बरेच ड्राइव्ह हा रिपल बघूनच फॉल्ट देतात. म्हणून रिकामं मशीन छान चालतं आणि लोड आला की ट्रिप होतं. त्यावर लगेच निदान तयार: ड्राइव्ह खराब, नवीन मागवा!

आणि ते मल्टिमीटरचं पुराण. "साहेब, तिन्ही फेजला ४१५ येतंय, लाइन ओके आहे." अरे बाबा, मशीन बंद ठेवून मोजलंस ना? करंटच नाही तर लूज जोडणीवर व्होल्टेज ड्रॉप येणार कुठून? त्याच फीडरवर दुसऱ्या मोटारी चालू असतील तर गेलेल्या फेजवरसुद्धा त्या व्होल्टेज दाखवतात. टेस्टरचा दिवा लागला म्हणून फेज आहे म्हणणाऱ्यांशी तर मी बोलणंच सोडलंय. लोडवर तिन्ही फेजला क्लॅम्प मीटर लावून करंट बघा, फ्यूजच्या दोन्ही टोकांमधला ड्रॉप मोजा. एवढंच तर करायचंय!

परवाच्या ब्लोअरला हेच झालं. ड्राइव्ह बदलायची चर्चा सुरू होती. लोडवर स्विच फ्यूज युनिटच्या इनकमिंग-आउटगोइंगमधला ड्रॉप घेतला. आर आणि वाय फेजला नगण्य, बी फेजला आकडा सारखा उड्या मारतोय. सप्लाय काढून उघडलं तर बीच्या केबलच्या टोकाची ॲल्युमिनियम थिंबल काळी पडलेली, केबलचं इन्सुलेशन भाजून कडक झालेलं आणि बोल्ट हाताने फिरतोय. हाताने! थिंबल बदलली, नीट क्रिंप केली, बोल्ट आवळला. ड्राइव्हला काहीही झालेलं नव्हतं.

आउटपुट फेज लॉस तर वेगळाच, तो ड्राइव्ह आणि मोटारीच्या मधला. पण फरक वाचतो कोण? केबल न सोडवता सरळ ड्राइव्हच्या आउटपुटवर, यू-व्ही-डब्ल्यूवर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारतात आणि चांगल्या ड्राइव्हचे आयजीबीटी (आतले पॉवर स्विच) घालवतात. सप्लाय काढल्यावर कॅपॅसिटरमधला चार्ज उतरेपर्यंत थांबायचाही धीर नाही. ५०० व्होल्टच्या वरचा डीसी आहे तो, माणूस मरेल!

या सगळ्याचं मूळ एकच. टायटनिंगसाठी, म्हणजे जोडण्या आवळायला, अर्धा तास शटडाऊन मागितला की "आज डिस्पॅच आहे". उद्या विचारलं तरी डिस्पॅचच. ड्राइव्ह जळाला की तीच लाइन आठवडाभर बंद ठेवायला मात्र सगळे तयार. आता मी ठरवलंय, फेज लॉस बंद करायचा असेल तर लॉगबुकात लेखी ऑर्डर लिहा, खाली सही करा. तोंडी सांगितलंत तर मी कीपॅडला हात लावणार नाही.