एक रुपयाही खर्च न करता सायकल योजना

माननीय नगरसेवक, सार्वजनिक सायकल योजना आज ना उद्या तुमच्या पुढ्यात येणारच. पुण्यात ती अधूनमधून येत असते. कधी पर्यावरण दिनाच्या सुमारास, तर कधी एखादं शिष्टमंडळ परदेश दौरा आटोपून आल्यावर. घाबरू नका आणि विरोध तर मुळीच करू नका. सायकलला विरोध करणारा माणूस या शहरात निवडून येत नाही. सायकलवरून फिरणाराही येत नाही, पण तो वेगळा मुद्दा. ‘सायकलींचं शहर’ ही पदवी आपण अजून खाली ठेवलेली नाही. २०१८ मध्ये शहरातली वाहनं ३६ लाखांच्या वर गेली आणि माणसं ३५ लाखांवरच राहिली, तेव्हासुद्धा ठेवली नाही. तेव्हा योजना बिनदिक्कत मंजूर करा. काळजी घ्यायची ती पुढे, ती चालायला लागू नये म्हणून.

सुरुवात पैशापासून. पत्रकार परिषदेत पहिलं वाक्य हेच हवं: ‘या योजनेसाठी महापालिकेला एक रुपयाही खर्च येणार नाही.’ हे वाक्य पाठ करा. मुख्य सभेत दोन्ही बाजूंची बाकं वाजतात ती याच वाक्याला. शिवाय ज्यात आपला रुपया नाही, त्याचा हिशेब आपल्याला कोणी मागत नाही. रस्त्यात सायकल सापडली, हरवली, मोडली, नदीत गेली, तरी ती ‘त्यांची’ सायकल.

कोणी आगाऊ माणूस म्हणेल, पीएमपीला तर आपण पैसे देतो. देतोच. बसची संचलन तूट दरवर्षी पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरून देते, आणि ते योग्यच आहे, कारण बस ही सेवा आहे. उड्डाणपूल तर गरज आहे. विद्यापीठ चौकातले पूल आठवा. लोकांच्या पैशातून बांधले, २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले, आणि नवा दुमजली पूल हाती घेतला. जुन्या पुलांनी गुंतवणुकीचा परतावा दिला का, असं कोणी विचारल्याचं स्मरत नाही. सायकल मात्र पहिल्याच बैठकीत उभी करून विचारायची, ‘तू स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार?’ तिला पाय नसतात, स्टँड असतो, हे सांगणारा कनिष्ठ अभियंता निघालाच, तर त्याची बदली अतिक्रमण विभागात करावी.

मग पैसा घालणार कोण? याचं उत्तर आपण एकदा शोधलेलं आहे. २०१७ च्या डिसेंबरात मुख्य सभेनं सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच महिन्यात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली धावू लागल्या. अर्ध्या तासाला रुपया, इतका स्वस्त दर. पाठोपाठ पिवळ्या सायकली आल्या, नारिंगी आल्या. मोबाइल दाखवला की कुलूप उघडायचं, सायकल घ्यायच्या-ठेवायच्या ठरावीक स्टेशनची भानगड नाही, काम झालं की सायकल तिथेच सोडायची. हौशे-नवशे-गवशे सगळे चालवून आले. खर्च कोणाचा? बव्हंशी गुंतवणूकदारांचा. त्यातल्या दोन कंपन्या तर थेट चीनच्या, पिवळी ऑफो आणि नारिंगी मोबाइक. बीजिंगमधल्या कोणाच्या तरी पैशावर औंधचा पोरगा रुपयात क्लासला जात होता. असा आंतरराष्ट्रीय जिव्हाळा पुण्यानं पूर्वी पाहिला नव्हता.

तो टिकलाही नाही. ऑफोनं २०१८ च्या जुलैतच भारतातला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात उतरलेली मोबाइक पुढच्या वर्षी दिसेनाशी झाली. तिकडे चीनमध्ये २०१८ च्या डिसेंबरपर्यंत ऑफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची यादी एक कोटीच्या वर गेली होती. आपल्याकडे मात्र कोणीही महापालिकेच्या दारात आलं नाही. ‘एक रुपयाही नाही’ या वाक्याचं मोल इथे कळतं. बसमार्ग बंद केला की मोर्चा येतो, घंटागाडी आली नाही की फोन येतो. सायकली गेल्या, तर लोकांनी दोन दिवस ‘अरे, त्या सायकली कुठे गेल्या?’ असं विचारलं आणि तिसऱ्या दिवशी हप्त्यावर दुचाकी घेतली.

अपयशाचं कारण तयार ठेवा: ‘नागरिकांना शिस्त नाही.’ हे खोटंही नाही, म्हणूनच ते उपयोगी आहे. सायकली नदीत सापडल्या, झाडावर सापडल्या. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक पिवळी सायकल होती. मागच्या चाकाला कंपनीचं कुलूप, आणि पुढच्या चाकातून घरची साखळी घालून घरचं कुलूप. कॅरिअर नव्हतं, ते तारेनं बसवलेलं. सीटला दुधाची पिशवी चढवलेली, पाऊस लागू नये म्हणून. जीपीएसचा दिवा बिचारा अधूनमधून लुकलुकायचा. विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, ‘सार्वजनिक आहे ना? आम्हीही पब्लिकच की.’ शहरात या योजनेची नियमित देखभाल बहुधा तेवढ्या एकाच ठिकाणी चालू होती.

आता अभ्यासदौरा. तो करावाच, पण काय पाहायचं आणि काय नाही, हे आधी ठरवून जावं. पॅरिसला २००७ मध्ये ‘व्हेलिब’ सुरू झाली. एका जाहिरात कंपनीनं सायकली, स्टेशनं आणि देखभाल अंगावर घेतली, बदल्यात शहरानं तिला सोळाशेच्या आसपास जाहिरात फलकांचे हक्क दिले. पहिल्या दोन वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या, हजारो मोडल्या. तेव्हा शहर आणि कंपनी पुन्हा टेबलाशी बसली, आणि चोरीच्या खर्चात शहरानं वाटा उचलला. हा शेवटचा भाग अहवालातून वगळा. फलकांचं तर आपल्याकडे जमणारच नाही. चौकातला प्रत्येक खांब आधीच कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला दिलेला आहे. त्या जागेचे पैसे येऊ लागले, तर पहिलं बिल कोणाच्या घरी जाईल, याचा विचार तुम्हीच करा.

लंडनमध्ये जास्त रमावं. तिथे सायकलींवर बँकेचं नाव असतं. २०१० मध्ये एका बँकेचं होतं, २०१५ मध्ये सान्तान्देरचं आलं, आणि त्या बँकेनं सात वर्षांच्या नावासाठी ४ कोटी पाउंडांहून जास्त रक्कम कबूल केली होती. हे ऐकून आपल्या शिष्टमंडळाच्या डोळ्यांत पाणी येतं. पण पुढची गोष्ट कानावर पडू देऊ नका. नावाच्या पैशात आणि भाड्याच्या पैशात मिळूनही योजनेचा खर्च भागला नाही, उरलेला भार लंडनच्या वाहतूक प्राधिकरणानं, म्हणजे लोकांच्याच तिजोरीनं उचलला. तरी तिथे कोणी योजना बुडाली म्हणून गळा काढला नाही, विस्तारच केला. विचित्र लोक आहेत. शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे: योजना आखली लिव्हिंगस्टन महापौर असताना, फीत कापली पुढचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी, आणि सायकलींना लोक म्हणू लागले ‘बोरिस बाइक’. श्रेयवाद ही आपलीच मक्तेदारी आहे असं समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

चीनमधल्या हांगचौचं नाव दौऱ्यात घेऊच नये. तिथे २००८ मध्ये शहराच्याच मालकीच्या कंपनीनं सायकली आणल्या, पहिला तास फुकट ठेवला आणि बसच्या कार्डावर सायकल देऊ केली. काही वर्षांत सायकली साठ हजारांवर गेल्या. कोणी हे उदाहरण काढलंच, तर ‘त्यांची राज्यव्यवस्था वेगळी आहे’ एवढं म्हणून चहा मागवावा.

विस्ताराचं तंत्र नीट समजून घ्या, कारण योजना पडते ती खरी इथेच. जाणकार सांगतात, स्टेशनं साधारण तीनशे मीटरवर असावीत, एका चौरस किलोमीटरमध्ये दहा ते सोळा. कारण उघड आहे. माणूस सायकल घेतो ती कुठेतरी पोचायला. तिथे ठेवायला जागा नसेल, तर तो घेणारच नाही. म्हणून सुरुवात एका दाट भागात करावी आणि तो भाग सायकलींनी भरून काढावा. उदाहरणार्थ डेक्कन, शिवाजीनगर, पेठा.

हा सल्ला मानलात तर उरलेल्या प्रभागांतले माननीय तुम्हाला सभागृहात बसू देणार नाहीत. शहरात ४१ प्रभाग आहेत, म्हणून ४१ स्टेशनं. समान न्याय. प्रत्येकी दहा सायकली, प्रत्येकी एक फीत, प्रत्येकी एक कोनशिला. धनकवडीत सायकल घेतली की ती परत ठेवायला सर्वांत जवळची जागा शेजारच्या प्रभागात, म्हणजे तिथून घरी रिक्षानं. वर्षभर अशा सायकली उन्हात उभ्या राहिल्या की ‘मागणीच नाही’ हा निष्कर्ष आपोआप अहवालात उतरतो आणि सल्लागाराचं बिल निघतं.

उताराचा एक बारीक मुद्दा आहे. कात्रजहून स्वारगेटपर्यंत उतार. सकाळी सगळे मजेत घरंगळत खाली येतात, संध्याकाळी पीएमपीत लोंबकळून वर जातात. दुपारी बारापर्यंत सगळ्या सायकली स्वारगेटला आणि कात्रजची स्टेशनं ओस. हे जगात सगळीकडे होतं. पॅरिसनं टेकडीवरच्या स्टेशनांवर सायकल वर नेऊन ठेवणाऱ्याला पंधरा मिनिटं जास्तीची फुकट दिली, आणि उरलेलं काम गाड्यांनी केलं. रात्रंदिवस गाड्या सायकली गोळा करून पुन्हा वाटत फिरतात. सायकल योजनेचा मोठा खर्च हाच असतो: टेम्पो, ड्रायव्हर, हमाल, पंक्चरवाला. सायकल एकदाच घ्यायची, पंक्चर रोज. निविदेत म्हणूनच सायकलींची संख्या ठळक छापा आणि टेम्पोचा उल्लेख टाळा. डिझेल कोणी घालायचं, हा प्रश्न निघाला तर वरचं पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणा.

मोजमापही जपून. ‘एका सायकलीच्या दिवसाला किती फेऱ्या झाल्या?’ हा प्रश्न फार वाईट. चार-पाच असतील तर योजना जिवंत, एकच असेल तर सायकल शोभेची. तो निविदेच्या आसपासही फिरकू देऊ नका. त्याऐवजी ॲप किती जणांनी डाउनलोड केलं ते सांगा. तो आकडा कधीच खाली जात नाही.

आता ट्रॅक. आराखड्यात सव्वाआठशे किलोमीटरचं जाळं आहे, तेव्हा नकाशा मोठा छापून दालनात लावा. प्रत्यक्षात एक तुकडा पुरेसा आहे, आणि त्याचा नमुना आपल्या रस्त्यांवर तयारच आहे. हिरव्या रंगानं तो जोमात सुरू होतो. पहिल्या वीस पावलांवर बोलार्ड, दुचाक्या शिरू नयेत म्हणून. त्यातून सायकलचं हँडल जात नाही, स्कूटर मात्र शेजारच्या तुटलेल्या कर्बवरून आरामात जाते. पुढे पेव्हर ब्लॉक खचलेले. मग चेंबरचं झाकण, रस्त्यापेक्षा तीन बोटं वर. मग महावितरणचा डीपी बॉक्स, बरोबर मधोमध, त्यावर ‘शुभेच्छुक’. त्याच्या आडोशाला वडापावची गाडी, आणि गाडीच्या गिऱ्हाइकांच्या दुचाक्या ट्रॅकवर शिस्तीत, एका रांगेत. शेवटी बसथांब्याची पाठ. ट्रॅक तिथे संपत नाही, तो थांब्याच्या आत जातो आणि पलीकडून निघतच नाही. २००६ साली सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, आणि तिच्या कडेचे सायकल ट्रॅक आले तेव्हापासून आपण ही कला घोटत आहोत.

सायकलस्वार अर्थात रस्त्यावरूनच जाईल. मग ट्रॅक वापरात नाही, हे छायाचित्रासह सिद्ध होतं, आणि वापरात नसलेल्या ट्रॅकवर पार्किंग करायला काय हरकत आहे, असा ठराव मांडता येतो.

एक धोका सांगून ठेवतो. एखादा हट्टी आयुक्त येऊन म्हणेल, बसला देतो तसे सायकलला वर्षाला अमुक कोटी देऊ. कंपनीला सायकली किती आणल्या याचे नव्हे, तर फेऱ्या किती झाल्या आणि नादुरुस्त सायकल किती तासांत उचलली याचे पैसे देऊ. जाहिरातीचं उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवू. आणि पहिली तीन वर्षं दोनच प्रभागांत करू. हे प्रकरण गंभीर आहे. यात रुपया आपला, म्हणून हिशेब आपला, आणि सायकल बंद पडली की फोनही आपल्यालाच. शिवाय योजना चालण्याची शक्यता असते. चालली, तर लोकांना तिची सवय होते, आणि पुढच्या अंदाजपत्रकात ती काढता येत नाही.

अशा वेळी भांडू नका. तरतुदीला एकमतानं पाठिंबा द्या, टाळ्या वाजवा, अभिनंदनाच्या ठरावाला अनुमोदन द्या. मग निविदेत एखादी त्रुटी निघू द्या, फेरनिविदा होऊ द्या, दिवाळी जाऊ द्या. फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे वर्गीकरणाचा प्रस्ताव आणा: ‘सायकल योजनेसाठीची तरतूद मार्चअखेर खर्ची पडणार नसल्याने’ ती तुमच्या प्रभागातल्या गल्लीच्या काँक्रिटीकरणासाठी वळवावी. गल्लीत दोन बाकडीही बसवून घ्या, पाठीवर ‘संकल्पना’ आणि खाली तुमचं नाव. काँक्रीटच्या कडेला हातभर रुंद हिरवा पट्टा तेवढा मारायला सांगा. लेखापरीक्षणात तो सायकल ट्रॅकमध्ये धरता येतो.